बीप वाजायलाच हवी

शेजारच्या काकांच्या घरात चोरण्यासारखं फारसं काही नाही. तरीही इंटरनेटवरून येणारं सगळं गाळून घरात घ्यायला त्यांनी माळ्यावर जुना डेस्कटॉप बसवलाय. त्यावर पीएफसेन्स ही फायरवॉल. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. मशीन चालू झालं की मदरबोर्डच्या स्पीकरवर चार-पाच सुरांची, चढत संपणारी छोटीशी धून वाजते आणि बंद होताना उतरणारी. पुण्यात वीज गेली की आम्ही बॅटरी शोधतो. ती परत आली की काका माळ्याखाली कान टवकारून उभे राहतात.

काका बँकेतून रिटायर झालेले. कॅश जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्यांतले. त्यामुळे जुना मदरबोर्ड गेला, दुसरा सेकंडहँड बसवला, नेट धडाधड चालू झालं आणि धून मात्र वाजली नाही, तेव्हा काकांचं जेवण उतरेना.

"अहो, नेट चालतंय ना?" काकू म्हणाल्या.

"चालतंय गं. पण कळवत नाहीये!"

कॅबिनेट उघडलं. जुन्या बोर्डावर बझर झाळलेलाच होता. नव्यावर नुसत्या चार पिना, शेजारी बारीक अक्षरांत स्पीकर असं लिहिलेलं. काका लगेच तपकीर गल्लीत. दुकानदारानं बोराएवढा स्पीकर काढून दिला आणि काकांनी त्याला 1981 सालच्या आयबीएम पीसीपासूनचा इतिहास ऐकवला. टायमर चिपचा 1193182 हा आकडा दोनदा. चिपला हव्या त्या सुराचा भागाकार दिला की स्पीकर त्या सुरात बोलतो, हे सांगेपर्यंत मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती. स्पीकर अगदी स्वस्तातला, व्याख्यान फुकट.

तो लावला. धून नाहीच.

आता इथे काकांमधला खरा गुणी माणूस दिसतो. दुसरा कोणी स्पीकर बदलून आणायला धावला असता. काकांनी स्विच बंद करून प्लग काढला, रॅमची पट्टी उपसली आणि मशीन तसंच चालू केलं. रॅम नसली की बहुतेक बोर्ड ओरडतात, आणि ते ओरडणं बायोसचं असतं, पीएफसेन्सचा त्यात काही संबंध नसतो. म्हणजे ओरडला तर स्पीकर आणि पिना ठणठणीत, दोष सॉफ्टवेअरमध्ये. नाही ओरडला तर पुन्हा तपकीर गल्ली.

बोर्ड असा काही किंचाळला की खालच्या मजल्यावरून इंटरकॉम आला. काका आनंदानं घामाघूम. आतल्या खोलीत मात्र सूनबाईची ऑफिसची मीटिंग मध्येच गोठली होती. "बाबा, नेट?"

"अगं, निदान झालं!"

सूनबाईनं मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला. तिला सवय आहे.

रॅम परत बसली, लॅपटॉपवर पीएफसेन्सचं सेटिंगचं पान उघडलं. सिस्टिम, ॲडव्हान्स्ड, नोटिफिकेशन्स. तिथे, चालू-बंद होतानाची बीप नको असल्यास खूण करा, अशी चौकट होती आणि चौकटीत टेचात खूण. काका संतापले. कुणी केली? नवा बोर्ड लावल्यावर त्यांनी सेटिंगचा बॅकअप चढवला होता. प्रत्येक बॅकअपवर तारीख घालून जपणारा हा माणूस, पण घाईत एक जुनी फाइल उचलली गेली. ती नातू तान्हा असतानाची. तेव्हा वीज रात्री-अपरात्री जायची, परत आली की माळा गाऊ लागायचा आणि बाळ त्याच्या वरच्या पट्टीत. काकूंनी सरळ बजावलं होतं, "एक तर तो डबा गप्प करा, नाहीतर तुम्ही रात्रभर पाळणा हलवा." खूण काकांनी स्वतःच केली होती.

ती काढली, मशीन रीस्टार्ट केलं, धून वाजली. काकूंनी दार लावून घेतलं.

तुमच्या इमारतीत असे काका असतील तर नेट बंद पडल्यावर कंपनीला फोन करण्याआधी त्यांचं दार वाजवा. काम फुकट आणि चोख होईल. फक्त स्पीकरबद्दल काही विचारू नका. संध्याकाळ तिथेच जाईल.