जर्किनवाली पोर

"पाहिलंत का वो अक्का? भर एप्रिलात जर्किन घालून पळतेय ती पोर!"

बेळगावच्या वहिनींची हाक आली की मी गॅस बारीक करते. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी कंपाऊंडची भिंत. तिकडून शेवग्याच्या शेंगा येतात, इकडून कढीपत्ता जातो, आणि बंगळुरूतल्या बनशंकरी सेकंड स्टेजच्या आमच्या गल्लीतली प्रत्येक बातमी त्या भिंतीवर घटकाभर टेकून मगच पुढे सरकते. मंगळवार होता. वहिनी राहुकाळात देवीला लिंबाचे दिवे लावून नुकत्याच परतल्या होत्या. बोटांना अजून लिंबाचा वास.

"कुठली पोर?"

"कोपऱ्यावरच्या घरातली की वो. आज चार दिवस बघतेय. ताप-बिप आलाय, का घरात काय झालंय?"

वहिनींना ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, असा योग वर्षातून एखादाच. मी मुद्दाम दोन शेंगा उलटसुलट करून पाहिल्या. मग सांगितलं, "वेटलिफ्टिंग करते ती. राज्याच्या युथ संघात नाव आलंय. राष्ट्रीय स्पर्धेला निघालीय, म्हणून वजन उतरवतेय."

"अय्यो! उचलायला निघालीय, तर उतरवतेय कशाला?"

आता हे समजावणं आलं. म्हटलं, वहिनी, तिथे वजनाचे गट असतात. स्पर्धेच्या दोन तास आधी काट्यावर उभं करतात आणि गटापेक्षा शंभर ग्रॅम जास्त भरलं तरी चालत नाही. म्हणून ते जर्किन, तो घाम, आणि रात्रीच्या जेवणाला सुट्टी. मला विचाराल तर वाढत्या वयाच्या मुलीला असं सुकवणं मला मुळीच पटत नाही. सरळ वरच्या गटात उतरवावी. पण मला विचारतं कोण?

"आणि उंची खुंटते म्हणतात. खांदे बघितलात तिचे?"

"उंची-बिंची काही खुंटत नाही. शिकवणारा नीट असला म्हणजे झालं. बुटक्या पोरांना वजन कमी अंतर वर न्यावं लागतं, म्हणून तीच या खेळात जास्त टिकतात. लोक कारण उलटं लावतात."

वहिनींचं समाधान झालेलं दिसेना. मग मी सांगली काढली. माहेर काढल्याशिवाय माझी कुठलीच गोष्ट पुरी होत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

"आमच्या सांगलीत सरगरांची पानटपरी आहे, चहाही मिळतो. त्यांची मुलगी काजोल. 2022 च्या जूनमध्ये पंचकुलाला खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तिथलं अगदी पहिलं सुवर्ण या पोरीचं. गट चाळीस किलोचा. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, दोन्ही प्रकार मिळून उचललं एकशे तेरा."

"म्हणजे किती वो?"

"भरलेला सिलिंडर धरा तीस किलोच्या आसपास. जवळजवळ चार झाले."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला आणि गप्प बसल्या. गेल्याच महिन्यात गेटपासून स्वयंपाकघरापर्यंत एक सिलिंडर आणून द्यायला पोऱ्याने तीस रुपये जास्त मागितले, तेव्हा त्यांनी दोन दिवस त्याचा उद्धार केला होता.

"आता पुढचं ऐका. तिचा भाऊ संकेत. दोन महिन्यांच्या आत, 30 जुलैला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला. स्नॅचमध्ये किती उचलावेत? एकशे तेरा! बहिणीने दोन्ही मिळून उचलले तेवढे याने एका झटक्यात डोक्यावर धरले. आणि त्याच दिवशी मीराबाई चानूने क्लीन अँड जर्कला किती उचलले सांगा?"

"एकशे तेरा म्हणू नका आता."

"एकशे तेरा."

"आकडा लावायला पाहिजे होता," वहिनी म्हणाल्या. देवळातून येऊन तासही झाला नव्हता.

पण संकेतची खरी गोष्ट पुढची. क्लीन अँड जर्कला पहिल्या उचलीत एकशे पस्तीस झाले. मग एकशे एकोणचाळीस मागितले आणि कोपरच गेलं. तसाच तिसऱ्यांदा आला, तेही जमलं नाही. एकूण 248. मलेशियाचा पोरगा 249. आमच्या घरात टीव्हीसमोर कुणी बोललंच नाही. एक किलो हो! साखरेची एक पिशवी.

"आणि आमचा गुरुराज?" वहिनींचा आवाज चढला. "कुंदापुरचा पुजारी! त्याच दिवशी त्यानेबी ब्राँझ आणलं की. 2018 ला तर रौप्य होतं."

बेळगाव कुणाचं, यावर या बाई एरवी हातातलं लाटणं खाली ठेवून भांडतात. पदक दिसलं की मात्र कर्नाटक लगेच 'आमचं' होतं. मीही सोडलं नाही. पंचकुलात हरियाणाच्या मागोमाग महाराष्ट्र दुसरा होता, 45 सुवर्णं. तुमचं कर्नाटक तिसरं, 22. वहिनींनी ते ऐकलंच नाही, शेंगांची जुडी माझ्या बाजूला सरकवली.

तेवढ्यात जर्किन परत आलं. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, तळहात गेटच्या कडीला टेकलेले. जवळून पाहिलं तर अंगठ्याच्या मुळाशी कातडी घट्ट पिवळी पडलेली, सालपटं निघालेली. सोळा वर्षांच्या मुलीचे हात नव्हतेच ते. दगड फोडणाऱ्या बाईचे असतात तसे.

"ए मगळे," वहिनी कन्नडात ओरडल्या, "ओबट्टू केलाय गं, तुपातला. ये आत!" ओबट्टू म्हणजे आपली पुरणपोळी.

पोरीने एकदा वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग मान हलवली. "वजन झाल्यावर, आंटी."

"मग डबा बांधून देते. काट्यावरनं उतरलीस की तिथेच खा. किती घालू, दोन?"

ती पुन्हा पळायला लागली होती. मागे न बघता तिने हात वर केला, पाचही बोटं उघडून.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "अक्का, तुमच्याकडे घरचं तूप आहे ना? वाटीभर द्या की."