फाइल आवळावी कशी?

वाणगावात मिरचीची गोणी भरताना वाद होत नाही. माल डहाणूला जाणार की मुंबईला, एवढं विचारतात आणि भरतात. फाइल आवळून लहान करायची म्हटली की मात्र शिकलेली माणसं जेवणाची सुट्टी त्यातच घालवतात.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात भट्टीचं तापमान दर सेकंदाला नोंदलं जातं. एकतीस दिवसांच्या महिन्यात २६,७८,४०० ओळी. ही फाइल मुंबईच्या कचेरीला मेलनं पाठवायची, आणि मेल २५ एमबीच्या वर काही घेत नाही. झालं, लिनक्सच्या काळ्या खिडकीपुढे सल्लागार जमले.

चिंचणीहून येणारा पोरगा झेडस्टँडर्ड या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामचा भक्त. "दादा, २०१६ चं आहे, फेसबुकचं. जीझिपपेक्षा लहान करतं, तेही झटक्यात!" स्टोअरचे काका १९९२ पासूनच्या जीझिपवर अढळ. त्यांनी कमांड दिलीसुद्धा. पण काम झालं की जीझिप मूळ फाइल काढून टाकतं. अकाउंटच्या ताईंनी फोल्डर उघडलं आणि ओरडल्या, "अहो, फाइल गिळली!" डॅश के लावलं असतं, तर मूळ फाइल जागेवर राहिली असती.

जीझिप उलटं फिरवून ती परत आणली, तोवर तिसऱ्या गड्यानं एक्सझेडला डॅश नऊ लावलं. हा प्रकार साडेसहाशे एमबीच्या वर मेमरी खातो. आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा माउस हलेना. चहा आला, कप धुऊन झाले, "सगळ्यात लहान होणार बघा" हे पालुपद चालूच.

गंमत म्हणजे तिघांचंही मूळ एकच. लेम्पेल आणि झिव्ह या संशोधकांनी १९७७ साली सांगितलं: एकदा लिहिलेलं पुन्हा लिहू नका, 'इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचला' एवढीच खूण ठेवा. भट्टी तासन्‌तास एकाच आकड्यावर, म्हणून फाइल मस्त आवळते. हाच नियम वार्षिक सभेला लावला, तर अध्यक्षांचं भाषण 'गेल्या वर्षीचं पाहा' एवढ्यात आटपेल. एका हौशी गड्यानं आवळलेली फाइल पुन्हा आवळून पाहिली, तर ती थोडी वाढलीच.

शेवटी मी मुंबईला फोन लावला. "साहेब, तुमच्याकडे काय उघडतं?"

"झिप. डबल क्लिक केलं की उघडलं पाहिजे."

म्हणजे १९८९ चं फिल काट्झचं झिप! आत आता जीझिपमधलीच डिफ्लेट ही आवळायची पद्धत असल्यामुळे काकांची कळी खुलली. फाइल गेली. थोड्याच वेळात साहेबांचा फोन, "अरे, तेरा तारखेच्या पहाटेनंतर भट्टी बंद होती का?"

भट्टी चालूच होती, दमलं होतं एक्सेल. १०,४८,५७६ ओळींपुढे त्याची मजल जात नाही.

"जाऊ दे," साहेब म्हणाले, "महिन्यातलं सर्वांत जास्त तापमान तेवढं व्हॉट्सॲपवर टाक."

टाकलं. आकडा एकच.

पोरगा हरखला, "दादा, याला म्हणतात कॉम्प्रेशन!"

ताई म्हणाल्या, "मूळ फाइल आहे ना जागेवर?"