दारू, पुंगळी आणि एक वीट

अमेरिकेत दारू महागली की काही गृहस्थांची झोप उडते. ते स्वतः थेंबभरही घेत नसतील, पण त्याने फरक पडत नाही. त्यांची दारू प्लास्टिकच्या डब्यात येते, काळपट कण्यांच्या रूपात, पौंडाच्या मापाने. ही मंडळी घरच्या घरी काडतुसे भरतात. तिकडे या उद्योगाला रीलोडिंग म्हणतात आणि तो कायद्याला धरून आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा शस्त्र कायद्याने गुन्हा असल्यामुळे मराठी वाचकाने हा छंद लांबूनच पाहिलेला बरा. प्रस्तुत लेखकानेही तो लांबूनच पाहिला आहे. त्याने हाती धरलेले शेवटचे शस्त्र टिकल्यांचे पिस्तूल होते, आणि तेही निम्म्या वेळा फुसके निघे.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर (आपल्या टिकलीची शिकलेली बहीण), पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की प्रायमर फुटतो, दारू जळते, गोळी निघून जाते आणि पुंगळी तेवढी मागे राहते. म्हणजे चौघांतली बहुधा सर्वांत महाग वस्तू शाबूत राहते आणि जमिनीवर पडते. ज्या माणसाला आईने करवंटीसुद्धा टाकू न देता वाढवले, त्याला हे बघवेल का? अमेरिकेतही अशा आया असाव्यात. कारण नेमबाजीच्या मैदानावर इतर लोक लक्ष्याकडे पाहत असताना एक माणूस हमखास खाली पाहत असतो. कापणीनंतर शेतात सरवा वेचणाऱ्या म्हातारीच्या एकाग्रतेने तो पुंगळ्या गोळा करतो. घरी नेऊन अक्रोडाच्या टरफलांच्या भुश्यात तासन्‌तास घोळवून त्या चकचकीत करतो. स्वतःच्या घरातली भांडी त्याने कधी इतक्या प्रेमाने घासली आहेत का, हा प्रश्न त्याच्या घरी अधूनमधून निघतो.

मग येतो तराजू. दारू मोजायची ती ग्रेनमध्ये. पौंडाचे ७,००० ग्रेन होतात. एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. पिस्तुलाच्या काडतुसाला असे पाचेक ग्रेन लागतात, शिकारी रायफलला चाळीस-पन्नास. चष्मा नाकावर घेऊन, श्वास रोखून तो कणी-कणी टाकत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, मुलीच्या लग्नाचे मंगळसूत्र घडतेय.

‘यात पैसे वाचतात,’ हे तो सर्वांना सांगतो. त्याच्या या वाक्याकडे आपण शेवटी वळू.

तूर्त टंचाई. २०२० साली महामारी आली, अमेरिकेत अशांतता उसळली, निवडणूक तोंडावर होती आणि लोक बंदुका घ्यायला धावले. शस्त्रउद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाने त्या एका वर्षात सुमारे ८४ लाख माणसांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. पहिली बंदूक घेणारा पहिली काडतुसेही घेतोच. कारखान्यांनी प्रायमर स्वतःच्या तयार काडतुसांत घालायला सुरुवात केली आणि सुटे प्रायमर दुकानांतून असे गायब झाले, की जणू कधी नव्हतेच. आणि विनोदाची हद्द अशी, की रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसांची दोनशे वर्षांची कंपनी नेमक्या त्या जुलैत दिवाळखोरीत निघाली. दुष्काळात पाण्याचा टँकरवाला कर्जबाजारी व्हावा, तशातली गत.

लोकांचा संशय वाढत गेला. माल दडवलाय, गुप्त गोदामे आहेत, सरकारनेच उचललाय, असे बोलले जाऊ लागले. शेवटी काडतुसे बनवणाऱ्या फेडरल कंपनीचे अध्यक्ष जेसन व्हॅंडरब्रिंक यांनी वर्षअखेरीस कॅमेऱ्यासमोर उभे राहून सांगितले, की कुठलेही गुप्त गोदाम नाही, कारखाने रात्रंदिवस चालू आहेत आणि एक अब्ज डॉलरहून जास्त मालाची मागणी तुंबली आहे. लोकांनी ते ऐकले आणि उरलेसुरले दुकान रिकामे करायला निघाले. यात अमेरिकेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात मीठ संपल्याची अफवा उठली तेव्हा काही ठिकाणी लोकांनी दोनशे-चारशे रुपये किलोने मीठ नेले होते, आणि तेही तेव्हाच्या मोजणीप्रमाणे साडेसात हजार किलोमीटर समुद्रकिनारा असलेल्या देशात.

प्रायमर शंभराच्या चकतीत येतात आणि अशा दहा चकत्यांच्या खोक्याला तिकडे ब्रिक, म्हणजे चक्क वीट म्हणतात. २०२० पूर्वी ही वीट तीसेक डॉलरला मिळे. टंचाईच्या भरात ती शंभरावर गेली आणि माणसामाणसांतल्या व्यवहारात त्याहूनही वर. दुकानदार एका गिऱ्हाइकाला एकच वीट देऊ लागले, कुठे कुठे नुसती शंभराची चकती. मग बायको, मेहुणा, कॉलेजातला मुलगा असे सगळे वेगवेगळे गिऱ्हाईक म्हणून रांगेत. वीट मिळालेला माणूस पार्किंगमध्ये जो चेहरा करून उभा राहायचा, तो पंढरपुरात दर्शन झालेल्या वारकऱ्याचा. न मिळालेल्यांना अर्थातच वीट यायचा.

खरी गंमत पुढेच आहे. हा सगळा छंद टंचाईच्याच पोटी जन्मला आहे. १९४३ साली, ऐन युद्धात, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांना शिकारीसाठी चांगल्या गोळ्या मिळेनात. वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्यांनी एक साचा बनवला आणि .२२ च्या फुकट गेलेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांचे कवच काढले. शिकार कसली, तर रॉकचक नावाच्या गुबगुबीत, शेत पोखरणाऱ्या प्राण्याची. त्याच ‘रॉक चक बुलेट स्वेज’ची आद्याक्षरे घेऊन आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. तिची हिरवी यंत्रे आज गावोगावच्या गॅरेजांत आहेत. आयडाहोतल्या लुइस्टनमध्ये व्हर्नन स्पीअर यांनीही युद्धकाळात अशाच वापरलेल्या पुंगळ्यांतून गोळ्या केल्या, आणि त्यांचे भाऊ डिक यांनी १९५१ साली सीसीआय काढली, जिच्या प्रायमरच्या विटेसाठी पुढे सत्तर वर्षांनी लोक रांगेत उभे राहिले.

दारूचे घराणेही तसेच. युद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारकडे रायफलची दारू ढिगाने उरली. कॅन्ससचे ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून तिच्यातली ५०,००० पौंड उचलली आणि भाड्याच्या कुरणात रेल्वेचा जुना डबा आणून त्यात ठेवली. दीडशे पौंडांचे पिंप ते तीस डॉलरला विकत, म्हणजे पौंडाला वीस सेंट. आज त्याच घराण्याच्या दारूचा पौंड चाळीस-पन्नास डॉलरला आहे. विम्यावर कर्ज काढून दारू घेणारा माणूस आपल्याकडे असता तर त्याची कीर्ती निराळ्या कारणाने झाली असती.

आता ही दारू महागली कशाने? गोष्ट कापसाशी येऊन थांबते. धूरविरहित दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज. १८४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या बाझल गावी रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी म्हणे स्वयंपाकघरात आम्ल सांडले, बायकोच्या सुती ॲप्रनने पुसले आणि ॲप्रन शेगडीजवळ वाळत घातला. तो भपकन नाहीसा झाला. ही कथा खरी असो वा रचलेली, त्या बाईंची बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही. आजही नायट्रोसेल्युलोजसाठी सरकीला चिकटून राहणारा आखूड रुवा वापरतात, ज्याला कापूसधंद्यात लिंटर म्हणतात. विदर्भातल्या जिनिंगवाल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर तोफगोळ्यांना दारू लागली, युरोपचा बराच रुवा चीनहून येत होता, आणि २०२४ च्या मार्चमध्ये युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी तो येणे थांबल्याची जाहीर तक्रार केली. तोफेने तोंड उघडल्यावर ओहायोतल्या गॅरेजमधल्या तराजूला कोण विचारतो?

प्रायमरची रड वेगळी. त्याच्या मिश्रणात अँटिमनी सल्फाइड असते, म्हणजे जुन्या काळचा अस्सल सुरमा. डोळ्यांत घालायची वस्तू टिकलीत गेली. डिसेंबर २०२४ मध्ये चीनने अमेरिकेला अँटिमनी द्यायचीच बंद केली. त्या वर्षभरात तिचा भाव तिपटीच्या आसपास गेला होता. रीलोडरला आता सकाळी वर्तमानपत्रात युक्रेन, चीन आणि कापूस अशा तीन बातम्या वाचाव्या लागतात, एवढाच त्याच्या जागतिक जाणिवेत झालेला फायदा.

टंचाईवर तोडगे काढायची अमेरिकेची परंपरा जुनी आणि निर्लज्जही आहे. यादवी युद्धात दक्षिणेकडे दारूला लागणारा सोरा संपला तेव्हा, १८६३ साली, अलाबामातल्या सेल्मा गावच्या वर्तमानपत्रात सोरा खात्याच्या अधिकाऱ्याने जाहिरात दिली: गावातल्या स्त्रियांनी घरचे मूत्र साठवून ठेवावे, पिंपांची गाडी येऊन घेऊन जाईल. त्यावर दोन्ही बाजूंच्या टवाळांनी कविता केल्या. त्या इथे देण्यासारख्या नाहीत.

आजचा रीलोडर तितका खाली उतरत नाही. प्रायमर आणि दारू धोकादायक माल म्हणून पाठवावी लागते आणि त्याचा आकार खोक्यामागे वीस-तीस डॉलर बसतो. म्हणून चारपाच जण मिळून एकच खोके मागवतात, आपण सोसायटीत देवगड हापूसची पेटी मागवतो तसे. वाटपावेळी भांडणे तीच. गोळ्या घरी ओतणारे पूर्वी टायरच्या दुकानांतून चाकाला तोल देणारी शिशाची वजने फुकट आणत. कॅलिफोर्नियाने २०१० पासून आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ पासून ती बंद केली, इतर काही राज्येही मागोमाग आली. आता टायरवाल्यांच्या डब्यात जस्ताची वजने मिसळलेली असतात, आणि वितळलेल्या शिशात जस्त गेले की घाणा वाया. दुधात पाणी घालणारा निदान दूध तरी नासवत नाही.

यांतला कुठलाही त्रास त्याला मनापासून नको आहे, असे मात्र दिसत नाही. भाव पडले तर तो बेचैन होतो. २०२० च्या टंचाईनंतर दोन-तीन वर्षांनी प्रायमर पुन्हा फळीवर दिसू लागले, सत्तर-ऐंशी डॉलरला वीट मिळू लागली, तरी तो घरी आल्यावर पहिल्यांदा कपाट उघडून मोजतो. उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे डबे भरून ठेवणाऱ्या आपल्या आज्या हेच करत, पण त्यांच्या डब्यांना अग्निशमनाचे नियम नव्हते. तिकडच्या संहितेप्रमाणे राहत्या घरात १०,००० प्रायमरची आणि साध्या साठ्यासाठी २० पौंड दारूची मर्यादा आहे. ‘एवढी कशाला?’ असे विचारले तर तो २०२० म्हणतो. त्याआधीचा असेल तर २०१३ म्हणतो, एका शाळेतल्या गोळीबारानंतर कायदा बदलेल या भीतीने .२२ सुद्धा मिळेनाशी झाली ते वर्ष. .२२ ची पुंगळी पुन्हा भरण्यासारखी नसते, हे तो आवाज खाली आणून सांगतो.

आता ते ‘पैसे वाचतात’. सध्याच्या भावाने नऊ मिलिमीटरच्या एका काडतुसाला प्रायमरचे आठ, दारूचे तीन आणि गोळीचे दहा असे एकवीस सेंट धरू. पुंगळी सरव्याची, म्हणून फुकट. दुकानात तयार काडतूस पंचवीस सेंटला मिळते. काडतुसामागे चार सेंट वाचले. आठशे डॉलरचे यंत्र वसूल व्हायला २०,००० काडतुसे भरायला हवीत, आणि त्यात त्याच्या शनिवार-रविवारची मजुरी शून्य धरली आहे.

तेवढ्या पुंगळ्या त्याच्याकडे आहेत, घासून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून. प्रायमर मात्र घरात १०,००० च ठेवता येतात, त्यामुळे यंत्राची वसुली दोन हप्त्यांत होईल.