मत दिलंत, आता दीड तास द्या

टीव्हीवरच्या स्पर्धेत गाजलेल्या गाणाऱ्या पोराचं पुढं काय होतं, असा विषय निघाला की आपण बोट दाखवतो वाहिनीकडं, आईबापांकडं, नाहीतर नशिबाकडं. मी बोट दाखवतोय आपल्याकडं. बुरोंडीच्या, दापोलीच्या, अख्ख्या जिल्ह्याच्या श्रोत्यांकडं. आपण त्याला काय गायला लावतो, त्यावर त्याचं निम्मं भवितव्य ठरतं.

२००८-०९ चं साल आठवा. झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’. सूत्रसंचालन पल्लवी जोशीचं, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शेवटच्या पाचांत आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा प्रथमेश लघाटे. आपला पोरगा म्हणून आपण मोबाईलमध्ये पैसे भरून एसएमएस धाडले. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली, पण पाचही जण घरोघरचे झाले. प्रथमेश नाट्यगीत आणि अभंग गायचा, तेव्हा घरातली म्हातारी माणसं टीव्हीजवळ सरकून बसायची.

पुढं हीच पाच मुलं २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रथमेश आणि मुग्धाचं लग्न झालं. मुलं मोठी झाली, गाणं मोठं झालं. आपण मात्र २००९ मध्येच बसून आहोत. आजही बॅनरवर नावाच्या वर ‘लिटिल चॅम्प्स फेम’ आणि नावाखाली तेव्हाचीच चार गाणी.

गावोगावचा कार्यक्रम जवळून बघा. देवळासमोर मांडव. साउंडवाल्यानं इको चढवून ठेवलेला. तबलजी हातोडी घेऊन तबला मिळवतोय, तोवर निवेदक दोनदा ‘आता सुरुवात होत आहे’ म्हणून मोकळा. गायक ख्याल धरतो. विलंबित एकताल म्हणजे बारा मात्रा. संथ लयीत एका आवर्तनालाच मिनिटभर लागतं. राग अजून डोळे उघडतोय तोच पहिल्या रांगेतून चिठ्ठी येते. अमुक साहेबांची फर्माईश, टीव्हीवर म्हटलेलं तेच म्हणा. गायक हसून मान डोलावतो, ख्याल गुंडाळतो, टाळ्या घेतो. त्या चिठ्ठीनं त्याच्या वर्षभराच्या रियाजावर पाणी पडलेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

टीव्हीवर गाण्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. एवढ्यात मुखडा, एक अंतरा, चार ताना आणि शेवटची तिहाई बसते. रागाची बढत बसत नाही. तो दोष मी टीव्हीला देणार नाही, त्याचं घड्याळच तसं आहे. पण देवळासमोरच्या मांडवाला कुठलं घड्याळ? तिथं जाहिरात नाही, ब्रेक नाही. तिथंही आपण तीन मिनिटांचंच गाणं मागतो, हा दोष आपला.

आणि ज्या आवाजाला मतं पडली, तो आवाज तरी कुठं राहतो? मुलगा चौदा-पंधराचा झाला की आवाज फुटतो, जवळजवळ सप्तकभर खाली येतो. पट्टी बदलते, गळ्याच्या जागा बदलतात, काल सहज जाणारी तान आज अडते. या दिवसांत गवयाला लागतात गुरू, खर्जाचा रियाज आणि शांतता. आपण त्याला देतो तारखा. या गणपतीत इथं, त्या जत्रेत तिथं, शाल, श्रीफळ, सेल्फी.

कोकणातला बागायतदार हे कलमाच्या बाबतीत कधी करत नाही. हापूसच्या कोवळ्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर तो खुडून टाकतो. जीव तुटतो, पण खुडतो, कारण आधी खोड धरायला हवं. झाडाबद्दल इतकं शहाणपण असलेली माणसं पोराच्या बाबतीत पहिल्याच मोहोरावर पेट्या भरायला बसतात.

असं खुडणं संगीतात झालेलं आहे, आणि त्याचं फळ महाराष्ट्रानं चाखलेलं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणायचा. कुमार गंधर्व ही पदवी त्याला त्या वयातच मिळाली. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला आणि जाणकार थक्क झाले. आजचा काळ असता तर दुसऱ्या दिवसापासून दौरा सुरू झाला असता. तो मुलगा प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला बसला आणि वर्षानुवर्षं शिकला. नकलेतून स्वतःचं गाणं निघालं ते त्या बैठकीतून.

रागदारीची मुलं नाट्यगीत, अभंग, सिनेमाचं गाणं गातात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही सांगतो, हा आपल्याकडं जुना मार्ग आहे. ‘स्वयंवर’च्या चाली १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, ‘कट्यार काळजात घुसली’चं संगीत १९६७ मध्ये जितेंद्र अभिषेकींनी केलं. दोघंही अस्सल रागदारीचे. भीमसेनांनी अभंगवाणी घराघरांत नेली. पण या सगळ्यांनी आधी विहीर खणली, मग पाट काढले. खाली पाणी होतं म्हणून गाणं वाहिलं.

आपली ही पाच मुलं टिकली तीही अशीच. आर्याला घरातच गुरू, आई श्रुती आंबेकर, जयपूर घराण्याच्या. कार्तिकीच्या पाठीशी वडील कल्याणजी गायकवाड यांची तालीम. स्पर्धेनं त्यांना नाव दिलं, टिकवलं ते शिक्षणानं. आणि या पाचांच्या मागं नंतरच्या प्रत्येक पर्वात किती मुलं आली! त्यातल्या किती जणांची नावं आज आपल्याला सांगता येतील?

म्हणून बुरोंडीकरांनो, पुढच्या वेळी गायक बोलावाल तेव्हा एवढं करा. बॅनरवर त्याचं नाव लिहा, कार्यक्रमाचं नको. मध्यंतरापर्यंत एकही चिठ्ठी मंचावर जाऊ देऊ नका, मग ती सरपंचांची असो की देणगीदाराची. पहिला दीड तास त्याला हवं ते गाऊ द्या. मांडव आणि जनरेटरवाल्याचे पैसे आपण आधी मोजतो, तसे गायकाचे, तबलजीचे, पेटीवाल्याचेही आधी मोजा. शाल कमी पडली तरी चालेल, मानधन कमी पडता कामा नये. आणि गावातली जी मुलगी प्रवेशिकेच्या परीक्षेला बसतेय, तिला पहिल्या रांगेत बसवा. पुढाऱ्यांच्या खुर्च्या दुसऱ्या रांगेत सरकल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. पोराला मत देऊन आपण त्याला मोठं केलं, असा आपला दावा आहे ना? मग त्याचं मोठं झालेलं गाणं ऐकायची जबाबदारीही आपलीच आहे.