झोपेतले पैलवान

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी २०१२ साली काही तरुणांना झोपण्यापूर्वी ४० ग्रॅम केसीन पाजलं. रात्रभरात त्यांच्या स्नायूंची बांधणी सुमारे २२ टक्के अधिक वेगानं झाली. ही खबर आमच्या सोसायटीत पोचेपर्यंत तिच्यातलं एक किरकोळ कलम गळालं: त्या तरुणांनी संध्याकाळी घाम गाळून व्यायाम केला होता. आमच्याकडे संध्याकाळी फार तर रिमोट उचलतात (बॅटरीसकट). मग साडेदहाला घरोघरी शेकर खडखडतात. केसीन हे दुधातलंच, सावकाश पचणारं प्रथिन. पण पेलाभर दुधात ते जेमतेम सहा-सात ग्रॅम, आणि दूध पिऊन झोपण्यात कसला आलाय रुबाब? डबाच हवा, त्यावर दंड फुगवलेला गडी हवा. तो मात्र चित्रात तरी टक्क जागा दिसतो.