ना-हरकत नाना

ज्या सोसायटीत दोन-चार घरी बजी पाखरांचे पिंजरे टांगलेले असतात, तिथे एक नाना असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे नुसतंच काका. वय साठीच्या पुढे, चष्मा दोरीने गळ्यात, नोकरी सहकार खात्याच्या लेखापरीक्षणात झालेली. दुसऱ्याच्या कागदावर लाल पेनाने खुणा करायची जन्माची सवय निवृत्तीनंतर खर्च कुठे करायची, हा अशा माणसांपुढचा मोठा प्रश्न. बहुतेक जण ती घरात खर्च करतात आणि घरचे वैतागतात. आमच्या डोंबिवलीच्या नानांना पाखरं सापडली.

नानांच्या स्वतःच्या घरी मात्र एकही पक्षी नाही. ‘ऑडिटरने दुकान काढायचं नसतं,’ असं त्यांचं मत. लोकांनी पाळायचं, त्यांनी तपासायचं.

तळमजल्यावरच्या मीनलकडे आधीच चार बजी होते. एका रविवारी ती क्रॉफर्ड मार्केटमधून पाचवा घेऊन आली. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत निळं पाखरू. आता हा खोका उघडून सरळ पिंजऱ्याच्या दाराला लावायचा आणि चौघांना म्हणायचं, ‘बघा कोण आलंय!’ असा तिचा साधा बेत होता. पण सोसायटीत बातमी लिफ्टच्या आधी पोचते. खोका टेबलावर टेकेपर्यंत नाना दारात.

‘आत सोडला नाहीस ना?’

‘नाही हो, आत्ताच तर आले.’

‘मग वाचलीस.’

पुढची दहा मिनिटं आगंतुकाची छाननी झाली. किचनमधला वजनकाटा मागवला गेला. 32 ग्रॅम. ‘ठीक. तीस ते चाळीसमध्ये असावा.’ शेपटी श्वासागणिक खालीवर हलते का? नाही. नाकपुड्या ओल्या? नाहीत. बुडाला शीट चिकटलेली? नाही. कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत उतरलेल्या, म्हणजे पहिली पिसं अजून गळालेली नाहीत. वय चार महिन्यांच्या आत. चोचीवरची मांसल पट्टी सगळीकडे सारखी गुलाबी-जांभळी. ‘नर दिसतो. मोठा झाला की ही निळी होईल. मादीची तपकिरी होते. पण लेखी देणार नाही.’ नानांनी आयुष्यात काहीच लेखी दिलेलं नाही, फक्त मागितलेलं आहे.

मग निर्णय आला. तीस दिवस वेगळी खोली. पंचेचाळीस झाले तर उत्तम.

‘अहो, पण दिसतोय तर ठणठणीत!’

‘सगळे ठणठणीतच दिसतात. आजारी पाखरू आजार लपवतं. सिटॅकोसिस घेऊन आलं असेल तर तुझे चार जातील आणि तूही तापाने पडशील.’

मीनलचा फ्लॅट वन-आरके. खोलीत चौघे आधीपासून. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा, आणि तो जास्त तापला की त्याची वाफ पाखराला मिनिटांत मारू शकते, म्हणून तिथे साफ नकार. अखेर निळ्या पाखराची, म्हणजे निळोबाची, रवानगी नानांच्याच मागच्या खोलीत झाली. रोज संध्याकाळी मीनल आधी आपल्या चौघांना दाणा घालायची, मगच वर यायची. उलटा क्रम चालत नसे. जाताना बेसिनवर साबण, आणि नाना बाजूला घड्याळ बघत उभे.

नानी हे सगळं बघत होत्या. एकदा चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, ‘मला या घरात आल्यावर दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या करायला बसवलं. याला मात्र स्थिरावायला पंचेचाळीस दिवस.’ नानांनी ही टिप्पणी नोंदवून घेतली, उत्तर दिलं नाही.

या मुदतीत मीनलला पाखरांचा इतिहासही ऐकावा लागला. बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवरचे. पाऊस आणि गवताचं बी जिकडे, तिकडे थव्याने जाणारे. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने 1840 मध्ये ते जिवंत इंग्लंडात आणले आणि मग ते जगभर घराघरांत गेले. थव्याचा प्राणी असल्यामुळे एकटा ठेवला तर तो आरशातल्या स्वतःशीच संसार थाटतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी मध्येच विचारलं, ‘त्यापेक्षा आपला साधा पोपट बरा नाही का?’ त्यांना 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा ऐकवण्यात आला. आपला साधा पोपट पाळता येत नाही. ते गृहस्थ त्या दिवसापासून जिन्याने जातात.

मुदत संपली. तरीही थेट प्रवेश नाहीच. आठवडाभर दोन पिंजरे शेजारी शेजारी, मध्ये वीतभर अंतर. मग रविवारी सकाळी मुख्य कार्यक्रम. पंख्याच्या बटणावर नानांनी स्वतः चिकटपट्टी मारली. खोलीत पाखरू मोकळं असताना फिरता पंखा म्हणजे काय, हे त्यांनी हाताने करून दाखवलं. खिडक्या बंद, आरशावर टॉवेल. जुन्या पिंजऱ्यातल्या सगळ्या दांड्या काढून वेगळ्या जागी बसवल्या, म्हणजे ‘ही माझी जागा’ म्हणायला कुणाकडे आधार उरू नये. दाण्याच्या वाट्या दोनाच्या चार केल्या, चार कोपऱ्यांत. घरट्याचं मडकं तर पहिल्यांदा बाहेर.

‘मडकं का?’

‘मडकं दिसलं की माद्यांना जागेचा मोह होतो. मग भांडण हातघाईवर येतं.’

चौघांत मोठी हिरवी मादी. नाना तिला चेअरमनबाई म्हणतात. दार उघडल्यावर निळोबा आत गेला आणि सर्वांत खालच्या दांडीवर अंग आखडून बसला. बाई वरून उतरल्या. सरळ चालत नाहीत या. दांडीवरून आडव्या, एकेक पाऊल सरकत, मान तिरकी. अगदी जवळ आल्या, चोच उघडली, आणि त्याच्या चोचीवर टक-टक दोन वाजवल्या. मीनलने डोळे झाकले.

‘डोळे उघड. चोचीला चोच म्हणजे चर्चा. पाय धरला तर तक्रार. रक्त आलं तरच वेगळा पिंजरा.’

बाईंनी पायही धरून बघितला. निळोबा एक दांडी सरकला. त्या पुन्हा आल्या, तो पुन्हा सरकला. नाना वहीत लिहीत होते. मग त्यांनी राळ्याचं एक कणीस मधोमध लटकवलं. पाचही जण त्याच्याभोवती जमले, आणि खाता खाता बाईंचं नव्या सभासदाकडे दुर्लक्ष झालं. दुर्लक्ष ही मंजुरीच समजायची, असं नानांनी जाहीर केलं. चौथ्या दिवशी पिवळा नर निळोबासमोर डोकं हलवून त्याला चोचीतला दाणा भरवताना दिसला.

माणसांत जो काटेकोरपणा खडूसपणात जमा होतो, तोच 32 ग्रॅमच्या जिवाला तारतो. बिल्डिंगमध्ये हे आता सगळे मान्य करतात, नानांच्या माघारी का होईना.

याच सुमारास नानांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने दोन पोरं राहायला आली. नागपूरची, नवीन नोकरीची, इथे ओळखीचं कुणी नाही. महिनाभरात नानांकडून त्यांना चपलांच्या स्टँडबद्दल तीन चिठ्ठ्या गेल्या. निळोबा मार्गी लागल्याचा पेढा खाताना नानी म्हणाल्या, ‘अहो, त्या पोरांनाही कधी बोलवा की चहाला. तीही थव्यातून सुटूनच आली आहेत.’

नानांनी पेढा संपवला, हात पुसले आणि गंभीरपणे सांगितलं, ‘त्यांचा पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद अजून आलेला नाही.’