व्याह्यांच्या गळ्यात पडलेला कोंबडा

"मावशी, काल तुमच्या चर्चमध्ये कसला गलका होता हो? पार इथपर्यंत ऐकू येत होतं."

"लिलाव होता गं. हंगामाचा सण ना. ज्याच्या घरी जे पिकलं, त्यातलं चांगलं ते देवाला आणायचं. ज्वारी, भोपळे, ऊस, अंडी, कुणी करडूसुद्धा आणतं. उपासना झाली की बोली लावायची, पैसा मंडळीला. मेथीची साधी जुडी दीडशेला जाते आणि घेणारा मिरवत घरी नेतो. पण कालचं काय झालं... अशी कुंपणाजवळ ये. मोठ्यानं बोलायची सोय नाही."

"कोण?"

"नाव नको. गल्लीच्या टोकाचे, ते टेम्पोवाले. कोंबडा आणला त्यांनी. पाय बांधलेले, वर पाटी झाकलेली. 'खास देवासाठी वाढवलाय,' तेही माइकवर! अगं, मी आठवडाभर बघतेय, तो त्यांच्या दारात मान टाकून बसायचा. धडधाकट दोन होते, ते छपरावर आरवतायत, आणि देवाच्या वाट्याला हा."

"अगंबाई! मग?"

"मग काय, बोली चढली. पाचशे, सातशे, बाराशे. आणि घेतला कुणी? त्यांच्याच व्याह्यांनी! लेकीच्या सासऱ्यांनी. घरी नेऊन पाय सोडले, तर तो तिथंच आडवा. हसतेस काय?"

"तुम्हीच हसताय, मावशी."

"बरं, हे काही आजचं नाही. जुन्या कराराच्या अगदी शेवटी मलाखी आहे. त्याचं लोकांशी भांडणच यावरून. आंधळी, लंगडी, आजारी जनावरं वेदीवर आणायचे. तो म्हणतो, हेच तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन द्या बरं, खूश होतो का बघू. आता कलेक्टर जेवायला येणार असता तर टेम्पोवाल्यांनी कुठला कोंबडा कापला असता, सांग."

"पण देवाला थोडाच खायचाय? आमचाही नैवेद्य शेवटी आम्हीच खातो."

"तेच म्हणते मी! त्याला खायचाच नाही, तर फसवून मिळवलं काय? फसले व्याही. देवाला ठकवायला निघालेला माणूस खरं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी नाटक करत असतो. हनन्या आणि सप्पीरा माहितीयत तुला? प्रेषितांची कृत्ये, 5वा अध्याय. यरुशलेमात मंडळी नवी होती, लोक जमिनी विकून पैसा प्रेषितांच्या पायाशी ठेवत. सायप्रसच्या बर्णबानं शेत विकून पैसे आणून दिले, त्याचं नाव झालं. मग या नवराबायकोनंही जमीन विकली. थोडे घरात ठेवले, उरलेले नेऊन दिले, हेच सगळे असं भासवून. त्या प्रेषितांतला पेत्र म्हणाला, अरे, जमीन तुझीच होती, पैसाही तुझाच होता. म्हणजे निम्मे आणले असते तरी कुणी विचारत नव्हतं. हनन्या जागीच गेला. तीन तासांनी बायको आली, तिला कशाचा पत्ता नाही. पेत्रानं विचारलं, एवढ्यालाच विकली का? ती म्हणाली, हो, एवढ्यालाच. गेली तीही."

"एवढ्याशासाठी जीव? तुमचा देव तर क्षमा करणारा ना?"

"मलाही ती गोष्ट जडच जाते, खोटं कशाला बोलू. पण एक बघ, तिला विचारलं गं! पेत्राला सगळं ठाऊक, तरी विचारलं. आदाम झाडांत लपला, तेव्हा देवानं हाक मारली, कुठे आहेस? बागेत माणसं दोन, दिसत नव्हता होय त्याला? भावाला मारून आलेल्या काइनाला विचारलं, तुझा भाऊ कुठाय? अलीशा संदेष्ट्याचा नोकर गेहजी, त्यानं नामान सेनापतीला थाप मारून चांदी नि कपडे उकळले, घरात दडवले. अलीशा म्हणतो, कुठून आलास? हा म्हणतो, कुठंच नव्हतो गेलो. नामानाचं बरं झालेलं कोड याच्या अंगावर आलं. दर वेळी उत्तर ठाऊक असलेलाच विचारतो बघ. खरं बोलायला जागा करून देतो. आणि माणूस त्या जागेत दुसरं खोटं आणून बसवतो."

"आमच्या सासूबाई अश्शाच. दूध उतू गेल्याचा वास घरभर, आणि मला विचारणार, तापवलंस का गं?"

"आणि तू?"

"ते जाऊ द्या. टेम्पोवाल्यांना कुणी विचारलं का?"

"पाळकसाहेब गेलेत ना! मी टेम्पोवाल्यांची विळी परत करायला गेले होते, या कानांनी ऐकलं. ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, 'कोंबडा कसा होता हो तो?'"

"मग?"

"'एकदम ठणठणीत. व्याह्यांकडचं पाणी बाधलं असेल.'"

"अगं आई गं! आणि बायको काय म्हणाली?"

"ती बाजारात गेलीय. ती येईपर्यंत बसतो म्हणालेत. दुसरा चहा सांगितलाय."